टिपकीचा तिसरा हात

या गोष्टीत चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा उगाच शेवटपर्यंत टिपकीच्या सासूवर नाहीतर नवऱ्यावर संशय घेत बसेल. चाळीस वर्षं दुरुस्तीच्या धंद्यात काढलेला माणूस आहे मी. यंत्र बंद पडलं की आम्ही आधी प्लग बघतो, मग वायर, मग स्विच, मग आतले भाग. मागच्या खेपेला आपणच काय करून ठेवलंय, ते सगळ्यात शेवटी बघतो. निदान मी तरी तसंच करत आलो.

दुकान माझं लहानच आहे. पुढे काउंटर, मागे दोन टेबलं, वर आमचं घर. रेडिओ, स्पीकर, अँप्लिफायर, टेबल फॅन, शाळेची विजेवरची घंटा, जे जे तारेवर चालतं आणि एक दिवस चालायचं थांबतं ते सगळं आमच्याकडे येतं. आलेल्या प्रत्येक वस्तूला सुतळीने पुठ्ठ्याचं कार्ड बांधायचं. वर तक्रार, खाली काय तपासलं, त्याखाली काय केलं. कार्ड नसेल तर मी वस्तूला हात लावत नाही. गिऱ्हाइकं वैतागतात, पण मला त्याचं काही वाटत नाही.

टिपकी एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे शिकायला आली. त्या आधी तीन पोरं येऊन पळून गेली होती, कारण माझा शिकवण्याचा प्रकार जरा खडूस आहे. आमचं मुख्य काम म्हणजे सोल्डर. शिसं आणि कथील यांची मऊ तार असते, ती विजेवर तापणाऱ्या कांडीच्या टोकाने वितळवायची आणि त्या थेंबाने दोन तारा जोडायच्या. शिकणाऱ्याने असा जोड केला की मी डोळ्याला भिंग लावून तो बघतो आणि एकच शब्द बोलतो, "पुन्हा." चांगला जमला तर काहीच बोलत नाही, पुढचं काम देतो. पहिल्या आठवड्यात मी तिला दिवसाला शंभरेक वेळा "पुन्हा" म्हणालो असेन. चौथ्या महिन्यात माझी बोलती बंद झाली. तिचे थेंब इतके बारीक, गोल आणि चकचकीत पडायचे की सुईने टिपके काढलेत असं वाटावं. तेव्हापासून ती टिपकी. तिचं खरं नाव आता तिच्या नवऱ्यालाही आठवावं लागतं.

आणि मीच तिला तिसरा हात शिकवला.

त्याचं असं आहे, की सोल्डर करताना एका हातात तापलेलं टोक असतं, दुसऱ्या हाताने चिमट्यात भाग धरावा लागतो. मग तार कोणी धरायची? माझ्या गुरूने मला शिकवलं तसंच मी तिला शिकवलं. तार दातात धरायची, ओठाने जरा पुढे सरकवायची आणि मान वाकवून टोकापाशी न्यायची. बघणाऱ्याला गंमत वाटते, चिमणी घरटं विणतेय जणू. मी छाती फुगवून सांगायचो की ज्याला दोन हात आहेत तो मेकॅनिक, ज्याला तीन आहेत तो उस्ताद. टिपकीला दोन महिन्यांत तिसरा हात फुटला. मी सगळ्या बाजाराला ते दाखवायचो.

तिचं लग्न एकोणतिसाव्या वर्षी झालं. नवरा बेकरीची गाडी चालवतो. पहाटे पाव पोचवायचे आणि दुपारी घरी येऊन झोपायचं. माणूस सरळ, बोलायला कमी, सिगारेट मात्र एकीला एक लावून ओढणारा. सासू जुन्या वळणाची, तोंडाने फटकळ, पण सुनेला पहिला घास वाढणारी. तसं घर चांगलं होतं. लग्नानंतर तीन वर्षांनी टिपकीला दिवस गेले आणि दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा राहिले. या वेळी चौदा आठवडे झाले. आमच्या हिने, म्हणजे माझ्या बायकोने, टोपडं विणायलाही घेतलं होतं. तेही संपलं.

त्यानंतर नवव्या दिवशी ती कामावर आली. मी म्हटलं, अगं, अजून दोन दिवस घे. ती टेबलाशी बसली, एक अँप्लिफायर उघडला आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गेल्यावर मी पेचकस शोधायला तिचा खण उघडला, तर आत आमच्या दुकानाचं एक कार्ड होतं, सुतळीसकट. तक्रारीच्या जागी तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दोनदा बंद पडलं." खाली तपासणीची यादी. थायरॉईड ठीक. साखर ठीक. रक्त जरा कमी, लोहाच्या गोळ्या चालू. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, आधीपासून रोज. दूध, अंडी, पालेभाजी, आठ तास झोप. सगळ्यांपुढे बरोबरची खूण होती. "बिघाड" या शब्दापुढची जागा मात्र कोरी होती. मी ते कार्ड जागच्या जागी ठेवलं आणि दुकान लवकर बंद केलं.

आता माझा शहाणपणा ऐका. सासू त्या दिवसांत एकदा दुकानावर आली होती. तिचं म्हणणं, पोरीने काम सोडावं आणि घरी पडून राहावं. मी तिच्यावर तडकलो. म्हटलं, इथे ती काय पोती उचलते? पंख्याखाली खुर्चीवर बसून काम करते, याहून सुरक्षित जागा शोधून दाखवा. टिपकीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही तेच म्हटलं होतं. त्यांनी काय काम करता असं विचारल्यावर टिपकीने "बसून काम, रेडिओ दुरुस्ती" असं सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली. दातातल्या तारेबद्दल सांगायचं तिच्या मनातच आलं नाही. श्वास घेतो हे कोणी डॉक्टरला सांगतं का?

मग एका सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाई एक यंत्र घेऊन आल्या. हातात मावेल एवढं, त्याला वायरीने जोडलेली गोल नळी. पोटावर नळी टेकवली की पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. आवाज मधूनच जात होता. नर्सबाईंना ते लगेच हवं होतं, बाहेर बायका रांगेत बसल्या होत्या. मी कार्ड लिहिलं आणि यंत्र टिपकीकडे दिलं. देताना माझ्या लक्षात आलं की हे काम आपण करायला हवं होतं, पण तोवर तिने झाकण उघडलं होतं. आतली तार तुटली होती. स्पीकरही फाटका होता. तिने एका रेडिओतला चांगला स्पीकर काढून बसवला, डाव्या हातात चिमटा घेतला, उजव्या हातात टोक, आणि सवयीने सोल्डरची तार दातात धरली.

नर्सबाई काउंटरवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, ती तार कसली. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं, अस्सल माल. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी टिपकीला तार तोंडातून काढायला सांगितली. तिला त्या ओळखत होत्याच, दोन्ही वेळा त्यांनीच तिचा हात धरला होता. किती वर्षं अशी तार धरतेस, चहा इथेच पितेस का, डबा इथेच खातेस का, असं त्या विचारत गेल्या आणि टिपकी हो, हो म्हणत गेली. मग त्यांनी सांगितलं की शिसं अंगात साठतं. रक्तात जातं, हाडांत बसतं, आणि पोटातल्या बाळापर्यंतही पोचतं. दोन्ही वेळा तेच झालं असेल असं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, पण तपासायला हवंच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणी माझ्या कामाला नावं ठेवलेली मला चालत नाहीत. मी म्हणालो, "बाई, मी चाळीस वर्षं ही तार दातात धरतोय. मला काय झालं?"

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्या रोज पन्नास जणांना विचारतात तसंच त्यांनी विचारलं.

"मुलं किती तुम्हाला?"

मी हातातल्या कार्डाची सुतळी पुन्हा बांधायला लागलो. टिपकीने खाली बघितलं. नर्सबाईंच्याही ते लक्षात आलं आणि त्या माझी माफी मागायला लागल्या, पण मी हात हलवून नको म्हटलं. तोवर टिपकीने तार टेबलावर टेकवून शेवटचा जोड केला होता आणि यंत्र चालू झालं होतं, त्यातून नुसतीच खरखर येत होती.

दोघांच्याही रक्ताची तपासणी झाली. टिपकीचा आकडा चोवीस निघाला, माझा एक्केचाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा आकडा जितका शून्याच्या जवळ तितका बरा, आणि आई व्हायचं असेल तर तो पाचच्या खाली आणूनच पुढचा विचार करू. पुरुषाच्या शरीरावरही शिसं परिणाम करतं, असंही त्या बोलल्या. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या घरी काय झालं, का झालं, ते आज कोणालाच सांगता येणार नाही, हे मात्र त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

मी घरी गेलो तेव्हा आमची ही मटार सोलत होती. मी तिला कागद दाखवला आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं. तिने कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा मटार सोलायला घेतले.

"माझी चार वेळा तपासणी झाली होती," ती म्हणाली. "तुमची एकदाही नाही."

एवढंच. त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. लोक तिला काय काय बोलले होते ते मला माहीत होतं. माझी आई काय बोलली तेही माहीत होतं, मी तेव्हा खाली दुकानात जाऊन बसायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला म्हणालो की दोष तुझा नव्हता. कदाचित कोणाचाच नसेल, पण तुझा एकटीचा तर नव्हताच. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, झालं ते झालं, आता त्या पोरीचं बघा. मी उठलो आणि तिच्यासमोर बसून मटार सोलायला लागलो, तर तिने भांडं मागे ओढून घेतलं आणि आधी हात धुवून या म्हणाली. आमच्या घरातला तो नियम त्या दिवशी सुरू झाला.

मला वाटलं होतं टिपकी काम सोडेल. सोडलं असतं तर मी तिला एक शब्द बोललो नसतो. सासूने तर तेवढंच धरून ठेवलं होतं. पण टिपकीने दुसऱ्या दिवशी खणातलं ते कार्ड काढलं, "बिघाड" पुढे "शिसं" असं लिहिलं आणि ते टेबलासमोरच्या खिळ्याला सगळ्यांना दिसेल असं टांगलं. "काका," ती म्हणाली, "यंत्र फेकून देत नाही आपण. बिघाड काढतो." पंधरा वर्षांत ती माझ्याशी इतक्या ठामपणे पहिल्यांदाच बोलली.

पुढच्या पंधरा दिवसांत तिने माझ्या दुकानाची पार उलथापालथ केली. चहाचे कप, डबे, पाण्याची बाटली सगळं वरच्या घरात हलवलं. टेबलं कोरडी झाडायची बंद, ओल्या फडक्याने पुसायची. दुकानातले कपडे, चपला दुकानातच राहायच्या, घरच्या कपड्यांत धुवायच्या नाहीत. एका जुन्या कॉम्प्युटरचा पंखा तिने खिडकीत उलटा बसवला, म्हणजे धूर नाकाकडे न येता बाहेर जातो. जुन्या वस्तूंचं सोल्डर वितळवायचं काम माझ्याकडे, तेही नाकावर पट्टी बांधून. तिच्याकडे फक्त नव्या जोडण्या, तेही खिडकीजवळच्या वेगळ्या टेबलावर, बिनशिशाच्या तारेने.

ती बिनशिशाची तार म्हणजे माझ्या डोक्याला ताप. लवकर वितळत नाही, जास्त उष्णता मागते, आणि थेंब गार झाला की मळकट दिसतो. मी आयुष्यभर सांगत आलो की जोड चकचकीत असेल तर चांगला, मळकट असेल तर कच्चा. आता चांगला जोडच मळकट. मी भिंग लावून बघायचो, तोंडून "पुन्हा" निघायचं आणि ती शांतपणे तो जोड चिमट्याने ओढून दाखवायची. हलायचासुद्धा नाही. चार-पाचदा असं झाल्यावर मी तोंड बंद ठेवायला शिकलो.

राहिला प्रश्न तारेचा, ती धरायची कोणी? टिपकीने मोडक्या टेबललॅम्पचा मान वाकवता येणारा दांडा घेतला, त्याच्या टोकाला बॉलपेनची रिकामी नळी बांधली, खाली तारेचं रीळ अडकवलं. दांडा हवा तिकडे वाकवायचा, नळीतून तार बोटभर बाहेर काढायची, ती जिथल्या तिथे उभी. दोन्ही हात मोकळे आणि तोंडही मोकळं. मी आधी नाक मुरडलं. मग ती घरी गेल्यावर बसून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, मलाही एक करून दे.

पण यंत्र बदलणं सोपं होतं, थांबणं कठीण होतं. ती चौतीस वर्षांची होती. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या थांबा, सासू म्हणत होती वय थांबत नाही. आणि दोघींचंही खरं होतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या, कारण अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त मुरतं. ती सकाळी पोटभर खाऊन मगच दुकानात यायची. नवऱ्याला डॉक्टरीणबाईंनी सिगारेट सोडायला सांगितली, तेव्हा तो म्हणाला प्रयत्न करतो. टिपकीने त्याच्यासाठीही एक कार्ड केलं आणि गाडीच्या आरशाला टांगलं. रोज किती ओढल्या ते त्याने लिहायचं. बिचारा दोन महिने लाजत लाजत आकडे लिहीत होता, तिसऱ्या महिन्यात सलग शून्यं आली. गाडीत बेकरीचा वास किती चांगला येतो हे मला आता कळलं, असं तो मला म्हणाला.

दर दोन-अडीच महिन्यांनी तिच्या रक्ताची तपासणी व्हायची. चोवीसचे सतरा झाले, सतराचे अकरा. मग एकदा अकराचे अकराच राहिले. त्या दिवशी ती प्रथमच रडली, खिडकीजवळच्या टेबलावर डोकं ठेवून. सासू नेमकी डबा द्यायला आली होती. मला वाटलं आता म्हातारी सुरू होणार. पण ती दारातच चप्पल काढून आत आली, बाहेरच्यांनी आत यायचं नाही हा टिपकीचा नियम विसरली, आणि टिपकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली की थांबू अजून, मला कुठे घाई आहे. इतके दिवस घाई तिलाच होती. मग टिपकीने डोळे पुसले आणि सासूला आधी हात-पाय धुवायला पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. टिपकी शिशाची धूळ बसलेली जुनी दुकानी पिशवी घरी नेत होती, तिच्याच कप्प्यात गोळ्यांचा डबा. पिशवी टाकली. पुढच्या वेळी आकडा सात आला, आणि दहाव्या महिन्यात चारच्याही खाली.

त्यानंतर तीन महिन्यांनी ती एका सकाळी आली आणि समोरच्या खिळ्यावर नवं कार्ड टांगलं. तक्रारीच्या जागी रेघ मारली होती. खाली लिहिलं होतं, "आठवडा पाचवा." मी वाचलं आणि जिन्यावरून वर जाऊन हिला सांगितलं. हिने मला गप्प बसायला सांगितलं, कोणाला बोलू नका म्हणाली, आणि स्वतः खिडकीतून शेजारणीला सांगून मोकळी झाली.

त्या दिवसापासून टिपकीने तापलेल्या टोकाला हात लावला नाही. ती पुढच्या काउंटरवर बसायला लागली. गिऱ्हाईक वस्तू आणायचं, ती कानाला लावून, हलवून, मीटरने मोजून बिघाड सांगायची आणि मी मागे तो काढायचो. म्हणजे उस्ताद ती आणि हमाल मी. बाजारातले लोक मला चिडवायचे. मी चिडवून घेत होतो.

दहावा आठवडा आला. ती काउंटरवर बसून रेडिओ तपासत होती आणि मी मागून तिच्या पाठीकडे बघत होतो. ती जागेवरून उठली की माझं टोक खाली ठेवलं जायचं. आठवडा गेला. मग चौदाव्या आठवड्यात नवऱ्याला गाडीवरून सुटी मिळेना, म्हणून तपासणीला तिच्याबरोबर आम्ही दोघं गेलो. ही आत गेली, मी बाहेर बाकावर, आठ-नऊ बायकांच्या मधोमध, पावाच्या टोपलीत बटाटा ठेवावा तसा. आत नर्सबाईंनी ते यंत्र काढलं. दुरुस्त केलेलं ते यंत्र मी विसरूनच गेलो होतो. त्यात टिपकीने रेडिओचा स्पीकर बसवला होता, आणि तो स्पीकर खोलीभर गाणी ऐकवायला केलेला होता.

आधी खरखर आली. मग एकदम टप-टप-टप-टप, घाईघाईचा, जोरकस, स्वच्छ आवाज. बंद दारातून तो बाहेर आला. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने हातातलं विणकाम खाली ठेवलं. एक जण म्हणाली, कोणाचं आहे हे, केवढ्याने वाजतंय. मी म्हणालो, "आमचं आहे." आणि मग माझे डोळे भरून आले, मी ते लपवले नाहीत.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. सातव्या महिन्यात रक्तदाब चढायला लागला. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, दर आठवड्याला बोलावलं, आणि डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला तर वाट न बघता यायचं असं बजावलं. टिपकीने रक्तदाबाचं यंत्र घरी नेलं. सकाळ-संध्याकाळ मोजायची आणि कार्डावर लिहायची, गिऱ्हाइकाच्या अँप्लिफायरचा दाब लिहावा तसं. आता दुकानात येणं बंद होतं. सासू डोळ्यांत तेल घालून तिच्यापाशी बसायची आणि आकडे नीट वाचायलाही शिकली. रोज संध्याकाळी बेकरीची गाडी आमच्या दुकानासमोर थांबायची, नवरा खिडकीतून दोन आकडे सांगायचा आणि पुढे जायचा. मी ते दुकानातल्या कार्डावर उतरवायचो. आकडे चढले नाहीत, जिथे होते तिथेच राहिले. अडतिसाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की आता वाट बघायची नाही, आणि त्याच दुपारी मुलगी झाली. दोन किलो नऊशे. आवाज खणखणीत. नवऱ्याने गाडी थांबवून मला सांगितलं, या वेळी आकडा एकच होता, वजनाचा, पण तो त्याला धड बोलता येईना. मी दुकानातलं कार्ड खिळ्यावरून काढलं आणि "केलेलं काम" या जागी तारीख आणि वजन लिहिलं. माझं अक्षर वाकडंतिकडं आलं.

दोन महिन्यांनी टिपकी मुलीला घेऊन आली. दुकानाचा उंबरा तिने ओलांडला नाही. बाहेर फुटपाथवर उभी राहून हाक मारली. मी तसाच टेबलावरून उठून दाराशी आलो आणि हात पुढे केले. तिने मुलीला छातीशी आणखी जवळ घेतलं आणि माझ्या हातांकडे बघितलं.

मला कळलं. मी वर गेलो, शर्ट बदलला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. खाली आलो तेव्हा मुलगी आमच्या हिच्या हातांत होती. पस्तीस वर्षांत मी हिला असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं, मान एका बाजूला झुकवून, ओठ हलवत, मला ऐकू येणार नाही असं काहीतरी त्या पोरीशी बोलत. मला मुलीला हात लावायचा धीर होईना. ही माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "घ्या आता. हिला थोडा वेळ तुम्हीही सांभाळा."

मी पुन्हा हात पुढे केले. पण टिपकी मध्ये आली. तिने माझा उजवा हात धरला, उजेडाकडे वळवला, एकेक नख निरखून पाहिलं, मी इतकी वर्षं तिचे जोड पाहत आलो अगदी तसं, आणि एकच शब्द बोलली.

"पुन्हा."

मी पुन्हा वर गेलो. या वेळी नखांना ब्रश लावला. खाली आलो, हात पुढे धरले आणि वाट बघत उभा राहिलो. तिने नखं पाहिली आणि काहीच बोलली नाही. मुलगी माझ्या हातांत दिली.